जावेचं उत्तर

हिच्या नाकावर राग आहे, असं आमच्या घरात माझ्याबद्दल पक्कं मत आहे. मी ते नाकारत नाही. जिला सकाळी उठल्यापासून लोकांच्या तक्रारीच वाचायच्या असतात तिनं किती गोड राहायचं, एवढंच माझं म्हणणं. डेटाबेस सर्व्हरमधल्या चुका शोधून दुरुस्त करायच्या, हे माझं काम. सर्व्हर म्हणजे इथं लोखंडी कपाट नव्हे, एक प्रोग्रॅम. त्याच्या पोटात तक्ते असतात: कोण कधी आलं, कुठला माल कुठं ठेवला, कुणाला काय दिलं. त्याला प्रश्न विचारला की तो तक्ते धुंडाळून उत्तर देतो. लोक त्या उत्तरावर विश्वास ठेवून पुढची कामं करतात.

त्यातही माझ्या वाट्याला एकच कोपरा आला आहे, प्रश्नाच्या पोटातला प्रश्न. आम्ही त्याला सबक्वेरी म्हणतो. समजा शाळेत विचारलं, की ज्या मुलांचे मार्क त्यांच्या वर्गाच्या सरासरीपेक्षा जास्त आहेत ती मुलं दाखव. तर प्रत्येक मुलापाशी थांबून आधी आतला प्रश्न विचारायला लागतो, की ह्याच्या वर्गाची सरासरी किती? आता एकाच वर्गाची चार मुलं ओळीनं आली तर चार वेळा तीच सरासरी काढण्यात काय अर्थ आहे? सर्व्हर मग आधीच्या मुलासाठी काढलेलं उत्तर जवळ ठेवतो आणि पुढच्याला तेच देतो. वेळ वाचतो. आमच्या सर्व्हरला ही युक्ती मी शिकवली होती, आणि त्याबद्दल मला तेव्हा शाबासकीसुद्धा मिळाली होती.

हे सगळं मी दापोड्यात, आमच्या घराच्या माडीवरच्या खोलीत बसून करते. माझ्याबरोबर काम करणारे निम्मे लोक समुद्रापलीकडचे. ते झोपलेले असतात तेव्हा माझी सकाळ असते, त्यामुळे दुपारी जेवणापर्यंत मला कुणी हाक मारत नाही. निदान मारू नये अशी माझी अपेक्षा असते. खिडकीतून गोडाऊनांची निळी छपरं दिसतात, एकामागे एक, पार मानकोलीच्या बाजूपर्यंत. त्यातलं एक आमच्या भाताच्या खाचरावर उभं आहे. बाबांनी जमीन दिली आणि तिथंच हमालांच्या टोळ्यांवर मुकादम म्हणून लागले. शेतावर जायची वाट मोडली नाही, असं ते म्हणतात. सकाळी आठला जातात, दहाच्या चहाला घरी येतात, पुन्हा जातात.

त्या सोमवारी दहाच्या चहाला आले ते थेट माडीवर.

"बाय, जरा बघ ना. मावशीचा अंगठा घेत न्हाय गेट."

मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. अंबाडीच्याही पुढच्या एका गावातून पाच-सहा वर्षं ती बाबांच्या टोळीत पॅकिंगला येत होती. वयानं पन्नाशीची. दुपारचा डबा खायला आमच्या ओटीवर यायची, कारण गोडाऊनच्या जेवणाच्या खोलीत पंखा होता पण वारा नव्हता, असं तिचं म्हणणं. मोसमात माझ्यासाठी पानाच्या द्रोणात करवंदं आणायची. गेटवर अंगठा लावायचं यंत्र आहे. गेल्या आठवड्यापर्यंत तिचा अंगठा लागत होता. आज यंत्रानं लाल दिवा दाखवला आणि पडद्यावर लिहून आलं, 'आगीचं ट्रेनिंग बाकी'.

आमच्याकडच्या गोडाऊनांना आगीचा इतिहास आहे, त्यामुळे हा नियम कडक. वर्षातून एकदा आगीचं ट्रेनिंग घेतलंच पाहिजे, ज्यानं घेतलं नाही त्याला आत सोडत नाहीत. पुढचं ट्रेनिंग महिन्यानं होतं. महिनाभर मावशी बाहेर राहिली की ठेकेदार तिच्या जागी दुसरी बाई घेणार आणि ती बाई पुढं तिथंच राहणार, हे बाबांनाही माहीत होतं आणि मावशीलाही.

"ती बोलतंय, मी ट्रेनिंगला व्हती," बाबा म्हणाले. "मशीन बोलतंय न्हवती. तुझं तं ह्येच काम हाय."

त्या क्षणी माझ्या पुढ्यात एक अवघड चूक उघडी होती. आतल्या प्रश्नाचं उत्तर रिकामं आलं की बाहेरचा प्रश्न भलतंच उत्तर देत होता, आणि मला तिचा धागा नुकता सापडत होता. मी स्क्रीनवरून नजरही उचलली नाही.

"बाबा, मी गेटची मशीन बनवत नाही. आणि डेटाबेस मनानं काही सांगत नसतो. नोंद नाही म्हणजे ती आली नसेल. नीट आठवायला सांगा तिला."

"तू बोलतंस तं तसंच असंल," बाबा म्हणाले आणि जिना उतरून गेले. माझा धागा मात्र सुटला तो सुटलाच, आणि त्याचाही राग मी मनातल्या मनात त्यांच्यावरच काढला.

आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. माझ्यासमोर जी यादी होती ती सगळी सर्व्हरनं दिलेल्या चुकीच्या उत्तरांची होती. एकानं लिहिलं होतं, असलेली नोंद दिसत नाही. दुसऱ्यानं लिहिलं होतं, नसलेली दिसते. ही यादी उपसण्यावर माझं पोट चालतं, आणि मीच बाबांना सांगत होते की डेटाबेस मनानं काही सांगत नसतो.

मंगळवारी मावशी पुन्हा आली. तिच्या गावातल्या बायका मिळून एक टेंपो करतात, तो सकाळी सोडतो आणि शिफ्ट सुटली की नेतो. गेट उघडेल या आशेनं ती टेंपोत बसून यायची, लाल दिवा बघायची, आणि मग परतीचा टेंपो येईपर्यंत दिवसभर आमच्या ओटीवर बसायची. रिकामं बसणं तिच्या अंगात नव्हतं. आईनं वाळवून ठेवलेल्या चिंचा तिनं पुढ्यात घेतल्या आणि फोडायला बसली. वरवंट्याची ठक, मग चिंचोका बाजूला टाकल्याचा आवाज, पुन्हा ठक. माझी खोली बरोबर ओटीच्या वर. मी एकदा उठून जिन्यातून म्हणालेसुद्धा, "मावशी, जरा हळू." ती म्हणाली, "हो बाय," आणि त्यानंतर वरवंट्याखाली फडकं धरून फोडू लागली.

बुधवारी दुपारी मी जेवायला खाली आले. आई बाजारात गेली होती. मावशी डबा उघडून बसली होती पण जेवत नव्हती. मी ताट घेऊन तिच्याजवळ बसले तर तिनं मलाच विचारलं,

"बाय, मी त्या दिसाला आली व्हती का गं?"

"मला काय माहीत मावशी? तुम्हालाच आठवणार ना."

"मला आठवतंय, तो लाल शिलिंडर माझ्या हातात दिलता. मी दाबला तं सगला फेस त्या शिकवणाऱ्या सायबाच्या बुटावर. सगल्या हसल्या." ती भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसली. "पन आता वाटतंय, ते दुसऱ्या कोनाचं असंल. कोनी सांगितलं असंल, मी आयकलं असंल. मशीन कशाला खोटं बोलंल? त्याला मी काय, दुसरी काय."

"मग आता पुढं काय म्हणतायत ते?"

"काय न्हाय. काल कागद दिला लिहून. मुकादमांनीच लिहिला, मी सही केली. मी ट्रेनिंगला आली न्हवती, खोटं बोलली, माफी करा, पुन्यांदा असं व्हनार न्हाय. ठेकेदार बोलला, असा कागद असंल तं बघू काय करता येतंय."

"पण तुम्ही सही का केलीत? आठवतंय म्हणता ना?"

तिनं माझ्याकडे आश्चर्यानं बघितलं.

"तू बोललीस ना. मुकादम बोलले, माझी बाय ह्याच कामात हाय, तिला इचारलं, ती बोलतंय मशीन चुकत न्हाय, तू आली नसशील. मंग मी काय बोलनार?"

मी बाबांना जे फेकल्यासारखं बोलले होते ते त्यांनी जपून, अभिमानानं, तिच्यापर्यंत पोचवलं होतं. आणि पन्नास वर्षांची बाई स्वतःच्या हातात धरलेला सिलिंडर माझ्या एका वाक्यामुळे दुसऱ्या कुणाचा तरी समजू लागली होती. मी खोटं बोलले, असं तिनं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं होतं.

ताट तसंच ठेवून मी हात धुतले आणि चपला घातल्या.

गोडाऊन चालत दहा मिनिटांवर. वैशाखातलं ऊन, आणि कंटेनर वळताना उडणारी धूळ. बाबा माल उतरवायच्या डॉकवर गाडी खाली करून घेत होते. मी त्यांना म्हटलं, ऑफिसात चला, मला तो तक्ता बघायचाय. काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. माझा चेहरा बघून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि माझ्याबरोबर निघाले.

ऑफिसात एक मॅनेजर आणि कॉम्प्युटर सांभाळणारा एक माणूस होता. कॉम्प्युटरवाला उत्तरेकडचा, बोलायला मऊ. मुकादमांची मुलगी म्हटल्यावर त्यानं खुर्ची सरकवून दिली. मी त्याला ट्रेनिंगच्या दिवसाची गेटची नोंद काढायला सांगितली. त्यानं तारीख टाकली, मावशीचा नंबर टाकला. आठ वाजून चार मिनिटांनी आत, पाच वाजून दहा मिनिटांनी बाहेर.

"अरे," तो म्हणाला, "ये तो आयी थी."

"मग रिपोर्टमध्ये बाकी कसं दाखवतं?"

त्यानं रोज पहाटे आपोआप चालणारा तो प्रश्न उघडून दाखवला. तो मी वाचला तेव्हा आधी मला बाबांचाच राग आला. कारण सांगते.

बाबांची हजेरी घ्यायची एक रीत आहे. सगळ्याच मुकादमांची आहे. सकाळी डॉकवर टोळी उभी राहते, मुकादम एकदाच ओरडतो, "टोळी पुरी?" टोळीतलं सगळ्यात जुनं माणूस ओरडतं, "पुरी!" झाली हजेरी. एकेकाचं नाव कोण घेत बसणार, गाडी उभी असते. ट्रेनिंगच्या दिवशीही तेच झालं होतं. शिकवणाऱ्या साहेबांच्या वहीत माणसांची नावं नव्हतीच, फक्त 'टोळी क्रमांक अमुक, पुरी' एवढंच होतं. पुढं ते तक्त्यात भरताना ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्याला प्रश्न पडला असणार, की टोळी पुरी असली तरी त्यातलं एखादं माणूस त्या दिवशी सुट्टीवर असेल तर? म्हणून त्यानं प्रश्नाच्या पोटात प्रश्न आणि त्याच्याही पोटात आणखी एक प्रश्न घातला होता. हा कामगार कोण? ह्याच्या टोळीचं ट्रेनिंग झालं का? आणि झालं त्या दिवशी हा कामगार गेटमधून आत आला होता का?

"बाबा, टोळी पुरी म्हणून मोकळे होता तुम्ही! एकेकाचं नाव घेतलं असतं तर ही वेळच आली नसती," मी मॅनेजरसमोर बोलले. आवाज चढलेला होता. बाबांनी टॉवेलनं मान पुसली.

पण प्रश्न बरोबरच होता. दोनदा वाचला, तीनदा वाचला, जरा लांबण लावलेली होती, पण चूक कुठंच नव्हती. मग मी सर्व्हर कोणता आहे ते बघितलं. आमचाच होता. गेल्या शुक्रवारी नवीन आवृत्ती चढवली होती, असं कॉम्प्युटरवाला म्हणाला. सोमवारी मावशीचा अंगठा लागला नव्हता. आणि त्या आवृत्तीत माझी ती शाबासकीवाली युक्ती होती.

मी फक्त मावशीचा नंबर घालून प्रश्न चालवला. उत्तर आलं, ट्रेनिंग झालेलं आहे. मग पूर्ण यादी घालून चालवला. मावशीसमोर लिहून आलं, बाकी. तिच्या वरची ओळ बघितली.

"ही कोण?"

बाबा वाकून बघायला लागले. "ती हिची जाव. दोघी एकाच दिवशी कामाला लागल्या, एकाच टेंपोनं यायच्या. जाव गेल्या पावसाच्या आधीच सोडून गेली."

"ट्रेनिंगच्या दिवशी ती होती?"

"न्हवती. तिच्या भाचीची हलद व्हती."

मग सगळं उलगडलं. दोघी एकाच दिवशी लागल्या म्हणून नंबर एकापुढे एक. टोळी एकच. टोळीतल्या बाकीच्यांचे नंबर लांब लांब विखुरलेले. सर्व्हर जावेपाशी थांबला, आतले दोन्ही प्रश्न विचारले, उत्तर आलं 'नाही', आणि ते खरंच होतं. पुढच्या ओळीला मावशी आली. माझ्या युक्तीनं बघितलं, की मधला प्रश्न टोळीबद्दल आहे, टोळी तीच आहे, मग आधीचं उत्तरच देऊ. सगळ्यात आतला प्रश्न टोळीला नव्हे, त्या बाईला उद्देशून होता. पण तो दोन पायऱ्या खाली होता आणि मी एकच पायरी बघायला शिकवलं होतं. मावशीला जावेचं उत्तर मिळालं. जाव नोकरी सोडून गेलेली असल्यामुळे तिच्या लाल दिव्याची कुणाला खबरच नव्हती.

मी तो प्रश्न तीन वेळा चालवला. पहिल्यांदा खात्री करायला. पुढच्या दोन वेळा, खरं सांगायचं तर, उत्तर बदलेल अशी आशा होती.

कॉम्प्युटरवाल्याला मी एक सेटिंग दाखवलं. ते बंद केलं की माझी युक्ती बंद होते, सर्व्हर जरा सावकाश चालतो पण प्रत्येकाला नव्यानं विचारतो. त्यानं ते बंद केलं. पुन्हा यादी काढली तर मावशीसमोर लिहून आलं, झालेलं आहे.

घरी परतताना बाबा शिफ्ट मध्येच सोडून माझ्याबरोबर आले. गटाराच्या कडेकडेनं आम्ही चाललो होतो. मी त्यांना सांगितलं, की चूक त्यांच्या हजेरीची नाही. माझी आहे, मी लिहिलेल्या ओळींची. आणि साहेब लोकांसमोर मी तुम्हाला बोलायला नको होतं.

"म्हंजे मशीन चुकली?"

"मशीन नाही. मी चुकले."

एक कंटेनर जाऊ द्यायला ते कडेला थांबले. मग म्हणाले, "मी बी चुकलोच ना. मला ठाव व्हतं जाव त्या दिसाला न्हाय. मंग मी धरून चाललो, एक न्हाय म्हंजे दुसरी बी नसंल. हिला मी नीट इचारलंच न्हाय. तू बोललीस आन मला बरं वाटलं, माझ्या पोरीला कलतं ह्यातलं."

आयुष्यात बाबांनी माझं कौतुक तोंडावर कधी केलेलं नाही. त्यांनी ते केलं होतं मावशीपुढे, आणि त्याच्या जोरावर तिची सही घेतली होती. मला रडू आलं आणि धुळीच्या नावाखाली मी डोळे पुसले.

गुरुवारी सकाळी मावशीचा अंगठा लागला. हिरवा दिवा लागला तरी ती आत जाईना, बाबांकडे बघत राहिली, मग ते म्हणाले, "जा, जा." हे बाबांनीच दहाच्या चहाला सांगितलं.

मी त्या दिवशी दुसरं काही हातात घेतलं नाही. आधी चूक पकडणारी परीक्षा लिहिली: एक छोटा तक्ता, दोन बायका, एक टोळी, एक ट्रेनिंग. ती चालवली तर सर्व्हरनं दुसऱ्या बाईला पहिलीचं उत्तर दिलं. मग दुरुस्ती. आतला प्रश्न बाहेरच्या कशाकशावर अवलंबून आहे हे गोळा करताना एका पायरीवर थांबायचं नाही, पार बाहेरपर्यंत जायचं. लिहायला चार ओळी लागल्या. समुद्रापलीकडचा एक सहकारी माझं काम तपासतो, त्यानं विचारलं, की तीन पायऱ्यांचा असा प्रश्न विचारतं तरी कोण? मी लिहिलं, जिथं हजेरी माणसाची नाही, टोळीची घेतात तिथं विचारायला लागतो. त्यानं मान्य केलं आणि दुरुस्ती आत गेली.

पण तो कागद अजून फायलीत होता.

शुक्रवारी मी बाबांना घेऊन पुन्हा मॅनेजरकडे गेले. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, घाईत होता.

"मॅडम, गेट चालू झालं ना? ड्युटी लागली ना? मग त्या कागदाचं एवढं काय? राहू दे की फायलीत. कोण बघतंय."

"त्यात त्या खोटं बोलल्या असं लिहिलंय. त्या खोटं बोललेल्या नाहीत."

"असा कागद परत नाही देता येत. काहीतरी बदल्यात ठेवायला लागतं."

"मग माझा ठेवा," मी म्हटलं.

तिथंच बसून मी लिहिलं. ह्या बाई ट्रेनिंगला हजर होत्या, गेटच्या नोंदीत ते दिसतं, यादी चुकीची निघाली ती ज्या प्रोग्रॅममुळे त्यातला तो भाग मी लिहिलेला आहे, चूक माझी आहे. खाली नाव, सही. माझ्या कंपनीला असलं काही लिहून दिलेलं आवडलं नसतं, म्हणून कंपनीचं नाव घातलं नाही. मॅनेजरनं दोन वेळा वाचलं. त्याला बहुधा अशी कबुली कुणी आपण होऊन दिलेली बघायची सवय नव्हती. त्यानं फाइल उघडली, मावशीचा कागद काढून दिला आणि त्या जागी माझा लावला. बाबांनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि खिशात घातला. अक्षर त्यांचंच होतं.

दुपारी मावशी डबा खायला ओटीवर आली. बाबांनी खिशातून कागद काढून तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही, मला म्हणाली, "वाच." मी वाचला. वाचून झाल्यावर मी तिला सांगितलं, की हे सगळं खोटं आहे. त्या दिवशी तुम्ही आला होतात, आठ वाजून चार मिनिटांनी. मशीननं तुम्हाला तुमच्या जावेचं उत्तर दिलं, आणि मशीनला तसं करायला मी शिकवलं होतं. मी तुमची माफी मागते.

तिनं कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

"म्हंजे मी आली व्हती."

"हो."

"आन तो फेस?"

"तो तुम्हीच उडवलात."

ती हसली. मग डबा उघडला आणि नीट जेवली, भाकरी संपवली, वाटीतला आमटीचा शेवटचा घोटसुद्धा प्यायली. मी समोर बसून होते. माझ्यावर ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. हात धुऊन आल्यावर पदर नीट करता करता तिनं विचारलं,

"बाय, ही मशीन एकल्या आपल्याच गोडाऊनला हाय का?"

"नाही. खूप ठिकाणी आहे."

"मंग अशा आनखी किती जनी असतील?"

मला माहीत नव्हतं. आमचा सर्व्हर कुणीही फुकट उतरवून घेतं, तो कुठं कुठं चालतो ह्याची यादी कुणापाशीच नाही. गोडाऊनात, दवाखान्यात, शाळांत, कुठल्या देशात. कुठंतरी कुणीतरी दुसऱ्याच्या उत्तरावर गेटबाहेर बसलेलं असेल आणि तिथं जवळपास माझ्यासारखी कुणी राहत नसेल. मी तिला तसंच सांगितलं, मला माहीत नाही. तिनं मान हलवली आणि ड्युटीवर गेली.

संध्याकाळी मी टेबलापाशी बसले. दुरुस्ती बाहेर पडते तेव्हा तिच्याबरोबर दोन ओळींची सूचना द्यायची असते, काय चुकत होतं आणि कुणी काय करावं. ही वाक्यं लिहायची आमची एक ठरलेली पद्धत आहे आणि मी ती किती वेळा लिहिली असतील कोण जाणे: 'क्वचित प्रसंगी चुकीचं उत्तर मिळू शकतं.' माझी बोटं सवयीनं तेच लिहून गेली. मी ते वाचलं, आणि 'क्वचित प्रसंगी' खोडलं. त्या जागी लिहिलं, की ही आवृत्ती घेतल्यापासून ज्या ज्या माणसाला यादीनं 'नाही' म्हटलं असेल, त्या प्रत्येकाला पुन्हा एकदा विचारून घ्या. काम तपासणाऱ्या सहकाऱ्यानं शेजारी शेरा मारला, हे जरा जास्त होत नाही का, असे किती लोक असणार?

मी उत्तर लिहिलं, एक मला माहीत आहे.